जाहिरातीवर नाव नसते; मग मामांचे काम कुठे शोधावे?

टिळकवाडीकर यांचा प्रश्न:

नमस्कार. माझे मामा मुंबईत अनेक वर्षे जाहिरातपटांचे निर्माते होते आणि निवृत्तीनंतर बेळगावला आमच्या शेजारीच राहायला आले होते. गेल्या श्रावणात ते गेले. तेराव्याला मुंबई, पुणे आणि धारवाडहून त्यांचे जुने सहकारी आले, आणि ते जे बोलले ते ऐकताना आम्हा घरच्यांच्या लक्षात आले की मामा नेमके काय काम करत होते हे आम्हाला कधीच कळले नव्हते. वर्षश्राद्धापूर्वी त्यांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढावी असा विचार आहे. अडचण अशी की चित्रपटाच्या सुरुवातीला नावे येतात, तीस सेकंदांच्या जाहिरातीत ती कुठेच येत नाहीत. त्यामुळे कोणती जाहिरात त्यांची होती हे सांगणारा कागदही हाती लागत नाही. माळ्यावर एक लोखंडी ट्रंक आहे, तिच्यात फिल्मचे काही डबे आणि टेपा आहेत. ज्यांनी त्यांच्यासोबत किंवा या व्यवसायात काम केले आहे, त्यांनी आठवणी आणि सल्ला दोन्ही द्यावे, ही विनंती.

खानापूरकर यांचे उत्तर:

आपल्या मामांच्या हाताखाली मी सहा वर्षे होतो. माझ्यासारख्या खानापूरच्या मुलाला मुंबईत पहिले काम त्यांनीच दिले. दिग्दर्शक चित्र पाहतो आणि निर्माता ते चित्र होईल अशी जुळवाजुळव करतो, असे ते मला समजावून सांगत. जागेची परवानगी, जनरेटर, कलाकारांचे मानधन, चाळीस माणसांचे जेवण, पाऊस आला तर काय करायचे याची तयारी आणि शेवटी ग्राहक कंपनीसमोर बसून हिशेब देणे, हे सर्व त्यांच्याकडे असे. फिल्मच्या काळात हा हिशेब फुटांत चालत असे. ३५ मिमीची फिल्म सेकंदाला दीड फूट जाते, म्हणजे तीस सेकंदांची जाहिरात अवघी ४५ फूट. पण ती मिळवण्यासाठी ४०० फुटांचे किती डबे उघडावे लागतील हे आधीच ठरवावे लागे, आणि असा एक डबा साडेचार मिनिटेही पुरत नसे. मामांचा अंदाज क्वचितच चुके.

गोकाकच्या धबधब्यावर आम्ही पाण्याच्या पंपाची एक जाहिरात चित्रित केली होती, ती आठवण अवश्य घ्या. उन्हाळ्यात तिथे कड्यावरून फारसे पाणी पडत नाही, म्हणून मामांनी ग्राहकाला समजावून काम ऑगस्टपर्यंत पुढे ढकलले. प्रत्यक्ष त्या दिवशी घटप्रभा इतकी फुगली होती की तुषारांनी कॅमेऱ्याची काच दर मिनिटाला भिजत होती. लाइटवाल्यांपैकी दोघांनी कड्याच्या टोकाशी स्टँड लावायला घेतला, तेव्हा एरवी आवाज न चढवणाऱ्या मामांनी काम थांबवले. तो शॉट जाहिरातीत नाही. ग्राहकाने त्याबद्दल नाराजी दाखवली आणि पुढचे काम दुसऱ्या निर्मात्याकडे गेले. मामांनी आमच्यापैकी कोणालाही त्याचा दोष दिला नाही.

निपाणीची ताई यांचे उत्तर:

मी निवेदिका. घरी मराठी आणि शाळेत कानडी, अशी आमच्या भागातल्या पुष्कळांसारखी माझी घडण आहे, आणि तीच त्यांच्या उपयोगी पडली. एकाच जाहिरातीची मराठी आणि कानडी आवृत्ती करताना बहुतेक ठिकाणी चित्रीकरण एकाच भाषेत होते आणि दुसरी भाषा नंतर ओठांवर बसवली जाते. काका मात्र बोलणाऱ्या चेहऱ्याचा जवळचा शॉट दोन्ही भाषांत वेगळा घेण्याचा आग्रह धरत, कारण वाक्य बदलले की श्वास घेण्याची जागा बदलते आणि ओठांची हालचाल खोटी दिसते. अर्थात त्याने फिल्म जास्त लागे आणि पैसेही. शेवटच्या फ्रेममधले पाकीटसुद्धा ते दोनदा घेत, एकदा देवनागरी अक्षरांचे आणि एकदा कानडी अक्षरांचे. सीमाभागात भाषेवरून इतके काही घडलेले असताना, "ज्याला जे वाचता येते त्याला ते दिसू दे," एवढेच ते म्हणत.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. माझे गाव तंबाखूचे, आणि विडीच्या जाहिरातीचे एक काम माझ्यामार्फत त्यांच्याकडे आले होते. अशा जाहिरातींवर बंदी आणणारा कायदा २००३ साली झाला आणि १ मे २००४ पासून ती बंदी लागू झाली. काकांनी त्याच्या कितीतरी आधी ते काम नाकारले. विड्या वळणाऱ्या बायकांविषयी मात्र त्यांनी माझ्याकडे तासभर विचारपूस केली होती. मला त्या वेळी राग आला होता, कारण मला त्या पैशांची गरज होती. आज तो राग नाही.

फिल्मसांभाळ यांचे उत्तर:

ट्रंकेविषयी थोडेसे. डब्याचे झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्मचा ॲसिटेट आधार कुजू लागला आहे. असे डबे लगेच बाकीच्यांपासून वेगळे ठेवा. माळ्यावर काहीही ठेवू नका, कारण बेळगावचा पावसाळा दमट आणि उन्हाळ्यात कौलांखाली तापते. घरातली सर्वांत थंड, कोरडी खोली निवडा. टेपांवर पांढरी बुरशी दिसली तर त्या यंत्रात घालून पाहू नयेत, एकदाच चालवल्यानेही टेप खराब होते. डब्यांवरच्या चिकटपट्ट्या काढू नका आणि त्यांचे फोटो घ्या, कारण जिथे नावे नसतात तिथे त्या हस्ताक्षराइतका दुसरा पुरावा नाही. मग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी पत्रव्यवहार करून पाहा.

टिळकवाडीकर:

आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. आज ट्रंक खाली उतरवली. अकरा डबे आहेत, त्यांपैकी दोनांना आंबट वास येतो; ते वेगळे ठेवले. सर्वांत तळाशी चित्रीकरणाच्या दिवसांच्या याद्यांची एक वही सापडली. तिच्यात प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्याचे काम, आणि त्यापुढे मामांच्या बारीक अक्षरात "उपवास", "तिखट नको", "आई आजारी, संध्याकाळी लवकर सोडावे" अशा नोंदी आहेत. गोकाकच्या पानावर खानापूरच्या एका मुलाचे नाव आहे आणि पुढे लिहिले आहे, "पोहता येत नाही, कड्यापासून दूर ठेवावे."