डोळ्यात थेंब, छातीत शिट्टी
दुखणं थांबवायच्या गोळीनं कुणाचा तरी दमा उसळल्याचं वाचलं. औषधानं दमा उसळण्याच्या अशा किश्श्यांत आमच्या आत्याची भर. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब सुरू झाले आणि चौथ्या रात्री छातीत शिट्ट्या. रोज रंकाळ्याला फेरी मारणारी बाई, जिन्यात कठडा धरून उभी. आम्ही दोष दिला गुऱ्हाळाच्या धुराला! पण टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर, म्हणजे रक्तदाबावर, हृदयावर देतात त्या जातीचं औषध. थेंब डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात उतरतो, तिथून रक्तात, आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात. मनानं बंदही करता येत नाही, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टरांनी थेंब बदलून दिले, आठवड्यात शिट्ट्या थांबल्या. आधी दमा आहे म्हणून का सांगितलं नाहीस, विचारलं तर म्हणते, "डोळं दाखवाय गेलतो, छातीचं कशाला सांगू?"