जुनी सुमो: नवीन बॅटरी पण उतरूलालीय, डायनामो बदलू का?

सुमोवाला, होटगी रोड

नमस्कार मंडळी. वडिलांची २००१ ची टाटा सुमो आहे, डिझेल. एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे ट्रान्सपोर्टला टाकायचे आणि सुट्टीला घरच्यांना घेऊन अक्कलकोट नाहीतर तुळजापूर, एवढंच तिचं काम. दिवाळीनंतर क्लचप्लेट बदलली. तेव्हापासून रात्रीचा प्रवास झाला की सकाळी सेल्फ घुरघुरतो. बॅटरी नवीन टाकली तरी तेच. हेडलाइट पिवळे, रेस दिली तरी म्हणावे तसे उजळत नाहीत. चार्जिंगचा लाल दिवा मात्र चावी फिरवली की पेटतो आणि गाडी चालू झाली की विझतो.

एका मिस्त्रीनं चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढलं, गाडी बंद पडली नाही म्हणून डायनामो (अल्टरनेटर) चांगला म्हणाला. दुसरा म्हणतो पूर्ण डायनामोच बदला. वडिलांचा या गाडीवर लई जीव आहे, विकायची नाही. पण उगाच पैसेही घालायचे नाहीत. काय करू?

बार्शीकर

पट्टा बघा आधी. ढिला असेल तर लाईट लावल्यावर घसरतो. नसेल तर डायनामोतले कार्बन (ब्रश) झिजले असतील, आमच्या जीपचे तसंच झालं होतं.

वायरिंगवाले काका

पट्टा बघाच, पण अजून काही खोलू नका. आणि चालू गाडीत टर्मिनल पुन्हा कुणाला काढू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं, त्यात डायनामोतले डायोड आणि कट-आउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) उडतात. शिवाय डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते चालू राहिलं यावरून चार्जिंगचं काय कळणार?

तुमच्या सुमोत डायनामोच्या पाठीलाच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप आहे, त्याला इंजिन ऑइलची लाईन जाते. तिथून ऑइल गळून आत गेलं तर कार्बन आणि रिंग खराब होतात. मागून तेलकट दिसतो का तेवढं बघा. कोरडा असेल तर हात लावू नका.

साधा मल्टीमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी चालू, जरा रेस, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. पहिलं माप बॅटरीच्या दोन खांबांवर. दुसरं डायनामोची जाड वायर बसते तो बोल्ट आणि डायनामोची बॉडी यांत. तिसरं त्याच बोल्टापासून बॅटरीच्या प्लसपर्यंत. चौथं डायनामोच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसच्या खांबापर्यंत. प्रोब खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नको. पट्ट्यापासून वायर आणि शर्टाची बाही सांभाळा.

सुमोवाला, होटगी रोड

काका, पट्टा घट्ट आहे, मागून कोरडं आहे. मापं अशी: बॅटरीवर १२.७, डायनामोवर १४.३, प्लसच्या बाजूला ०.२, मायनसच्या बाजूला १.४.

वायरिंगवाले काका

मग डायनामो निर्दोष आहे. तो १४.३ देतोय. त्याचा कट-आउट डायनामोपाशीच व्होल्टेज बघतो, त्यामुळे त्याच्या लेखी सगळं ठीक आहे. तुमचे १.४ व्होल्ट परतीच्या वाटेवर, म्हणजे अर्थिंगमध्ये जातायत. तिथे लोड असताना ०.२ च्या वर जाऊ नये. सेल्फही त्याच अर्थिंगवर चालतो, म्हणून तो पण घुरघुरतो. डायनामो नवीन टाकला असता तरी बॅटरी उतरलीच असती.

क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवला होता ना? इंजिन-गिअरबॉक्सकडून चासीला जाणारी विणलेली तांब्याची पट्टी बघा. ती परत लावताना ग्रीस, रंग किंवा गंज तसाच ठेवून बोल्ट आवळला जातो. गाडी बंद करून बॅटरीचं टर्मिनल काढा, मग पट्टीची दोन्ही टोकं काढा, चासीची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत करा. पट्टी हिरवी पडली असेल किंवा तारा तुटल्या असतील तर नवीन टाका. हे लांबवू नका. अर्थिंग मिळालं नाही की सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढतो आणि ती आतून जळते. दाबायला जड लागतेय का बघा.

सुमोवाला, होटगी रोड

काका, पट्टी निम्मी तुटलेली होती आणि बोल्टाखाली काळं ग्रीस! नवीन पट्टी टाकली. आता लाईट लावून बॅटरीवर १४.०, मायनसच्या बाजूला ०.१. सेल्फ एका झटक्यात घेतोय. केबल ठीक आहे. वडील सारखे खाली जाऊन गाडी चालू करून बघूलालेत. लई उपकार झाले तुमचे.

वायरिंगवाले काका

छान झालं. आता ती बॅटरी इतके दिवस अर्धवट भरलेली राहिलीय, एकदा बाहेर काढून सावकाश चार्ज करून घ्या. ८० अँपिअर-अवरची असेल तर ८ अँपिअरच्या वर लावू देऊ नका. झाकणाची असेल तर एप्रिल-मे मध्ये पाण्याकडे लक्ष ठेवा, आपल्या सोलापूरच्या उन्हात प्लेटा लवकर उघड्या पडतात. डिस्टिल्ड वॉटरच टाका, बोअरचं नको.