फ्लाइंग स्कॉट्समनचं धुराडं: एकेरी की दुहेरी?

गँगमन७२:
२०१६ साली फ्लाइंग स्कॉट्समन हे ब्रिटनचं वाफेचं इंजिन दुरुस्त होऊन रुळावर आलं तेव्हापासून कुरकुरतोय, आज धागाच काढतो. डॉनकास्टरला १९२३ मध्ये बनलेलं इंजिन. ३० नोव्हेंबर १९३४ ला त्याने ताशी १०० मैल गाठले ते एकेरी धुराड्यावर. मग आता हे लांबोडकं दुहेरी धुराडं आणि दोन्ही अंगांना पत्र्याची झापडं कशाला? १९६३ मध्ये ॲलन पेग्लर यांनी विकत घेतल्यावर दोन्ही काढून टाकली, सफरचंदी हिरवा रंग दिला, ४४७२ हा जुना क्रमांक परत लिहिला. ऑस्ट्रेलियात १९८९ ला न थांबता ४२२ मैल धावलं तेही एकेरी धुराड्यानेच. लोकांच्या डोळ्यांत बसलंय ते रूप. तेच परत द्या.

राखेचा_डबा:
टोपी आहे का ती, आवडली नाही म्हणून बदलायला? सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुराड्यातून वर जाताना धूरपेटीतली (धुराड्याखालच्या पेटीतली) हवा ओढून नेते, त्या ओढीने आग फुलते. चुलीला आपण फुंकणी मारतो, इथे इंजिन स्वतःच वरून ओढ लावतं. नळीचं तोंड अरुंद केलं की ओढ जोरदार, पण मग वाफेला सुटायला जागा नाही, ती पिस्टनलाच उलट रेटते. फिनलंडचे किलाला आणि फ्रान्सचे शापलों यांच्या किलचॅप रचनेने ही कोंडी फोडली. वाफ चार पाकळ्यांत फुटते, एकावर एक बसवलेल्या घागऱ्यांतून चढते आणि चढता चढता धूर सोबत घेते. असे दोन संच एकामागे एक, म्हणून धुराडं लांबट. (समोरून बघाल तर एकेरीच वाटतं, कडेला गेल्याशिवाय कळत नाही.) ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैल गाठणाऱ्या मॅलार्ड या इंजिनाला जन्मापासून हेच होतं.

गँगमन७२:
त्याच धावेत मॅलार्डचं बेअरिंग तापलं, तेही सांगा की! आणि स्कॉट्समनला दुहेरी धुराडं मिळालं १९५८-५९ च्या हिवाळ्यात, जानेवारी १९६३ मध्ये ते सेवेतून बाहेर. चाळीस वर्षांच्या नोकरीतली चार. वडिलांचा फोटो भिंतीवर लावायचा तर मोतीबिंदूच्या चष्म्यातला लावतो का आपण?

आऊटर_सिग्नल:
फोटोच काढलात म्हणून विचारतो, कुठल्या वयातला लावणार? १९४७ च्या जानेवारीत नवा बॉयलर बसून मूळचं ए-१ वर्गातलं हे इंजिन ए-३ वर्गात गेलं. पुढे ड्रायव्हरची जागाही उजवीकडून डावीकडे गेली. ४४७२ हा क्रमांक तर १९४६ मध्येच गेला होता. म्हणजे ए-३ चा बॉयलर आणि ४४७२ क्रमांक ही जोडी नोकरीत एक दिवसही नव्हती. तुमचं 'खरं' रूप पेग्लरसाहेबांच्या आवडीचं.

झापडांचंही ऐका. दुहेरी धुराड्यातून वाफ मऊ सुटते, वर न उसळता बॉयलरवर लोळते आणि ड्रायव्हरच्या काचेसमोर पडदा धरते. ह्युमरिस्ट या इंजिनाला १९३७ मध्येच किलचॅप बसवलं होतं, तेव्हाच हे लक्षात आलं होतं. दुहेरी हवं तर झापडंही घ्यावी लागतात. बाकी या वर्गातल्या बहुतेक इंजिनांना शर्यतीच्या घोड्यांची नावं, खुद्द ह्युमरिस्ट १९२१ ची डर्बी जिंकलेला घोडा. त्यांना झापडं शोभतात, बुवा.

गँगमन७२:
स्कॉट्समन घोडा नाही, गाडीचं नाव आहे. आणि आवाजाचं काय? तीन सिलिंडर, चाकाच्या एका फेऱ्यात सहा ठोके. एकेरी धुराड्यातून ते कसे खणखणीत येतात! आता नुसतं फुसफुसतं.

राखेचा_डबा:
तो खणखणाट म्हणजे धुराड्यातून उडून गेलेला कोळसा. फायरमनला विचारा, त्याला कुठला आवाज आवडतो.

गँगमन७२:
बरं, बॉयलरचं मान्य. मग १९४७ चं रूप द्या. ए-३ चा बॉयलर, एकेरी धुराडं, १०३ क्रमांक. हे तर नोकरीत होतं ना?

आऊटर_सिग्नल:
होतं. याला माझी हरकत नाही.

राखेचा_डबा:
माझीही नाही. फक्त फावडं तुमच्या हातात.