कार्बाइड इन्सर्ट महागले: टंगस्टनच्या पुरवठ्याचा धोका नेमका कुठे आहे?

प्रश्न: भोसरीकर
आमच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी लेथवर वाहनांचे सुटे भाग तयार होतात. कार्बाइड इन्सर्टचे (लेथच्या टूलला बसवायच्या, धातू कापणाऱ्या टंगस्टन कार्बाइडच्या बदलत्या तुकड्यांचे) दर सतत वाढत असून पुरवठादाराचे कोटेशन हल्ली आठवडाभरही टिकत नाही. कारण विचारले की ‘चीन’ एवढेच उत्तर मिळते. टंगस्टनचे खनिज राजस्थानात आणि आपल्या नागपूर जिल्ह्यातही आहे असे वाचले. मग आपण एवढे परावलंबी का, आणि लहान कारखानदाराने काय करावे?

उत्तर: धातुविद्यार्थी
खाणींतून निघणाऱ्या टंगस्टनपैकी सुमारे ८० टक्के चीनमधून येते, आणि फेब्रुवारी २०२५ पासून त्या देशाने टंगस्टनच्या अनेक पदार्थांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली आहे. ही बंदी नव्हे; पण परवाना कधी मिळेल याची खात्री नसली की बाजार आपोआप चढतो. माझ्या मते खरी अडचण खाणीच्या पुढे आहे. खनिजापासून अमोनियम पॅराटंगस्टेट (टंगस्टनचा शुद्ध केलेला क्षार), त्यापासून ऑक्साइड, मग धातूची भुकटी आणि शेवटी कार्बाइड, ही साखळीही मुख्यतः तिथेच उभी असल्याने नुसते खनिज हाती येऊन भागत नाही. शिवाय कार्बाइडचे कण बांधून ठेवायला कोबाल्ट लागतो, आणि बहुतांश कोबाल्ट पुरवणाऱ्या काँगोनेही २०२५ मध्ये आधी निर्यात थांबवली व नंतर कोटा लावला.

उत्तर: खडकवाचक
राजस्थानातील डेगाणा येथील खाण १९९०च्या दशकात बंद पडली, कारण स्वस्त आयातीपुढे ती परवडेना. नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टन आहे खरे, पण त्याची प्रत हलकी आहे. तमिळनाडूत मदुराईजवळच्या नायकरपट्टी खनिज गटाचा (खाणीसाठी आखलेल्या क्षेत्राचा) लिलाव २०२४ मध्ये झाला. मात्र अरिट्टापट्टीच्या जैवविविधता वारसास्थळामुळे गावकऱ्यांनी तीव्र विरोध केला आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने तो रद्द केला. (माझ्या मते ते योग्यच झाले.) परदेशातही वेगळे चित्र नाही: इंग्लंडच्या डेव्हनमधील खाण २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये बंद पडली. तेव्हा नव्या खाणीच्या भरवशावर पुढच्या वर्षाचे टूलिंग ठरवू नये.

उत्तर: टूलरूमवाला
खनिजात टंगस्टन बहुधा एक टक्काही नसते, तर झिजलेल्या इन्सर्टमध्ये ते बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या आसपास असते; तरीही आपण तो माल लोखंडी चुऱ्यासोबत भंगारात देतो. त्याचा पुनर्वापर जस्ताच्या मदतीने होतो: वितळलेले जस्त कोबाल्टमध्ये शिरले की तुकडा फुगून ठिसूळ होतो, मग निर्वात भट्टीत जस्त उडवून लावले की पुन्हा वापरता येणारी भुकटी उरते. मात्र त्यासाठी माल निवडलेला हवा. ब्रेझ केलेली (कार्बाइडचा तुकडा डाक देऊन जोडलेली) टूल वेगळी ठेवा. सरमेटचे (सिरॅमिक आणि धातूच्या मिश्रणाचे) इन्सर्टही बाजूला काढा, ते हातात घेताच हलके लागतात. त्याआधी टाकाऊ डब्यात एकदा हात घालून पाहा. डब्ल्यूएनएमजी या प्रकारच्या इन्सर्टला दोन्ही बाजू मिळून कापणारे सहा कोपरे असतात, पण रात्रपाळीत घाईने टाकलेल्या कित्येक इन्सर्टची खालची बाजू कोरीच सापडते.

भोसरीकर
आभारी आहे. कोटिंग असलेले आणि नसलेले इन्सर्ट एकाच डब्यात चालतील का?

टूलरूमवाला
चालतात, कारण कोटिंगचा थर काही मायक्रॉनचाच असतो. तरी विकण्यापूर्वी खरेदीदाराची अट विचारून घ्या आणि कूलंट पुसून माल कोरडा द्या.