मदत हवी आहे: सासूबाई, मुलगी आणि मी, तिघींनी एकत्र कोणती आसनं करावी?

नमस्कार मंडळी. सासूबाई ७१ वर्षांच्या, बीपीची गोळी चालू आणि गुडघे दुखतात. मुलगी ९ वर्षांची, एका जागी बसतच नाही. सकाळचा अर्धा तास तिघींना एकत्र मिळतो आणि तो मला मनापासून जपायचा आहे.

मुलगी आणि मी सूर्यनमस्कार घालतो. त्यात डोकं खाली जातं, म्हणून डॉक्टरांनी आईंना ते नको सांगितलंय; कपालभाती, भस्त्रिका हे जोरजोरात श्वासाचे प्रकारही नाहीत. त्या खुर्चीत बसून, श्वास न रोखता अनुलोम-विलोम करतात. पण मग त्या एकीकडे, आम्ही दुसरीकडे. एकत्र करण्यातला आनंदच राहत नाही.

अय्यंगार पद्धतीत खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने ज्येष्ठांकडूनही आसनं करून घेतात. कुणी घरी असं केलंय का? भिंतीला टेकून ताडासन आणि खुर्चीत बसून पाठीला पीळ देणं जमतं, वज्रासन मात्र गुडघ्यांमुळे बाद. याखेरीज तिघींना एकदम करता येईल असं काय सुचवाल? आणि शवासनात मुलांना दोन मिनिटं तरी शांत कसं ठेवता? पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात ज्येष्ठांना नीट शिकवणारे शिक्षक माहीत असतील तर तेही कळवा.