विषय: कमाई शून्य, तरी टॅक्सचा फॉर्म भरायचा का?

नमस्कार मंडळी,
मी सांगलीतून लिहितोय, विश्रामबागेतून. मुलगी वालचंदमधून इंजिनिअरिंग करून २०२५ च्या ऑगस्टमध्ये एमएसला अमेरिकेत गेली, तिनंच मला या लिस्टवर घेतलंय. आता युनिव्हर्सिटीचा मेल आलाय की टॅक्सचा फॉर्म भरा. अहो पण तिला नोकरी नाही, कॅम्पसवर पण अजून काम मिळालेलं नाही, फी लोनमधून जाते आणि खर्चाला मी इथून पाठवतो. मग टॅक्स कशावर? मी पाठवतो त्या पैशावर लागतो का? रूममेट म्हणतात काही भरू नको, कोणी विचारत नाही.

---

दादा, नमस्कार. मी दरवर्षी आपल्या मंडळातल्या पोरांचे फॉर्म बघून देते, सध्या माहेरी साताऱ्यात आलेय म्हणून उत्तराला जरा उशीर झाला.

रूममेटचं अजिबात ऐकू देऊ नका तिला. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, नवीन आलेल्या प्रत्येकानं, एक डॉलर कमावला नसला तरी, फॉर्म ८८४३ भरायचाच असतो. त्यात टॅक्सचा हिशोब नसतोच, कुठला व्हिसा, कुठलं कॉलेज, कुठल्या वर्षी किती दिवस अमेरिकेत होते एवढंच, म्हणजे आयआरएसला, तिकडच्या इन्कम टॅक्स खात्याला, सांगायचं की मी विद्यार्थी आहे, माझे इथले दिवस टॅक्ससाठी रहिवासी ठरवायला मोजू नका. कमाई नसेल तर नुसता हाच फॉर्म सही करून ऑस्टिनला पोस्टानं पाठवायचा, मुदत १५ जून. तुम्ही पाठवता ते पैसे तिचं उत्पन्न नव्हे, त्यावर तिकडं टॅक्स नाही, निवांत राहा.

ही दिवस न मोजण्याची सवलत विद्यार्थ्याला पाच कॅलेंडर वर्षं मिळते, आणि गोची इथंच होते, कारण ऑगस्टमध्ये उतरलं तरी २०२५ हे अख्खं एक वर्ष धरतात. म्हणजे तिची २०२५ ते २०२९ अशी पाच. तोवर ती टॅक्सपुरती नॉनरेसिडेंट, म्हणजे रहिवासी नाही.

पुढं काम मिळालं की रिटर्न १०४०-एनआर या नॉनरेसिडेंटच्या फॉर्मवरच भरायचं, मुदत १५ एप्रिल, ८८४३ त्यालाच जोडायचा. पोरं काय करतात, नेटवर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडतात आणि साधा १०४० भरून मोकळी होतात, तो रहिवाशांचा फॉर्म आहे, चुकीचा रिफंड हातात पडतो आणि मग सगळं दुरुस्त करत बसायचं. वर आपल्या मुलांचं त्यात काही अडतही नाही, कारण भारत-अमेरिका टॅक्स करारातल्या कलम २१ मुळं भारतीय विद्यार्थ्याला नॉनरेसिडेंट असूनही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम, मिळतं, २०२५ साठी १५,७५० डॉलर. बाकी बहुतेक देशांच्या मुलांना हे मिळत नाही. कॅम्पसवर आठवड्याला वीस तास काम करणाऱ्याचा फेडरल टॅक्स बहुधा शून्यावर येतो, कापलेला परत मिळतो. स्टेटचं मात्र वेगळं बघायचं, टेक्सासमध्ये इन्कम टॅक्सच नाही, कॅलिफोर्निया हा करार मानत नाही.

आणि पहिली पे-स्लिप आली की सोशल सिक्युरिटी नि मेडिकेअर (तिकडची पेन्शन आणि म्हातारपणच्या आरोग्य विम्याची कपात) कापलंय का ते बघायला सांगा. दोन्ही मिळून ७.६५ टक्के, नॉनरेसिडेंट एफ-१ ला ते लागूच नाही, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीवर, सुद्धा. कापलं असेल तर आधी कंपनीकडं मागायचं, नाही दिलं तर फॉर्म ८४३ भरून आयआरएसकडं. आम्ही कर्मवीर अण्णांच्या 'कमवा आणि शिका'च्या गावची माणसं, पोरांनी राबून मिळवलेल्यातनं नको ते पैसे गेलेले मला खरंच बघवत नाहीत.

---

ताई, यातच विचारतो. मी साताऱ्यातल्या कॉलेजात शिकवत होतो, ऑक्टोबर २०२४ पासून जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर रिसर्च स्कॉलर म्हणून इथं अमेरिकेत आहे, पत्नी जे-२ या जोडीदाराच्या व्हिसावर. मलाही पाच वर्षं का?

---

नाही सर, स्कॉलरला दोनच, म्हणजे तुमची २०२४ आणि २०२५ संपली. २०२६ चे दिवस मोजले जाणार, १८३ भरले की तुम्ही रेसिडेंट, आणि मग सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर जानेवारीपासूनच कापलं जाईल. पण करारातल्या कलम २२ ची शिकवणाऱ्या-संशोधन करणाऱ्यांच्या पगारावरची सूट वेगळी, ती दोन वर्षं पहिल्या आगमनाच्या तारखेपासून धरतात, म्हणजे तुमची ऑक्टोबर २०२६ पर्यंत. दोन्ही हिशोब एकत्र करू नका, माझ्याकडं येणारे बरेच स्कॉलर इथंच अडकतात. ही सूट दोन वर्षांच्या आतल्या मुक्कामासाठी आहे, त्यामुळं मुक्काम वाढवणाऱ्या एक्स्टेन्शनवर सही करायच्या आधी पेरोलवाल्यांशी बोला. ही सूट मागायचा फॉर्म ८२३३ दिलाय ना त्यांना? नसेल तर आजच द्या. पगार करमुक्त असला तरी २०२५ चं १०४०-एनआर भरायचंच, वहिनींचा ८८४३ वेगळा. करारानं सूट मिळालेल्या पगाराचा दाखला, १०४२-एस, मार्चच्या मध्यापर्यंत येतो, नुसत्या डब्ल्यू-२ या पगाराच्या दाखल्यावर रिटर्न पाठवू नका.