मुलांच्या इझी रनचा पेस: घड्याळावर की दमावर?

पायवाट:
१२ ते १७ वयाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंना इझी रनसाठी, म्हणजे निवांत धावण्यासाठी, पेसचा (वेगाचा) मिनिट-प्रति-किमी आकडा देऊच नये, असं माझं मत आहे. ५:३० सांगा, पोरगं ५:१० ने येतं आणि वर शाबासकीची वाट बघत उभं राहतं. त्यापेक्षा धावताना पाढा म्हणायला लावा. ‘तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस’ एका दमात आलं तर पेस बरोबर. ‘सव्वीस’पाशी श्वास तुटला तर जास्त. ऊन, चढ, अपुरी झोप, सगळं त्यात आपोआप धरलं जातं. फक्त पहिल्या दहा मिनिटांत विचारू नका, तेव्हा सगळ्यांनाच जमतं. विसाव्या मिनिटाला विचारा, संपत आल्यावर पुन्हा एकदा.

लॅपमोजणी:
असहमत. एका मुलासोबत हे जमेल. बारा जणांच्या घोळक्यात पुढच्याचा इझी पेस हा मागच्याचा शर्यतीचा पेस असतो आणि मागचा पाढा म्हणतच नाही, नुसता हसतो. तिथे आकडाच लागतो.

३००० मीटरची ताजी वेळ घ्या, सहा-आठ आठवड्यांच्या आतली. तिच्या प्रति-किमी पेसला १.३५ ते १.५ ने गुणा. ११:०० वाल्याचा पेस ३:४०, म्हणजे इझी ४:५७ ते ५:३०. १५:०० वाल्याचा ५:००, म्हणजे इझी ६:४५ ते ७:३०. ४०० मीटरच्या ट्रॅकवर एकाची लॅप (एक फेरी) १:५९ ते २:१२, दुसऱ्याची २:४२ ते ३:००. हे दोघे एका रांगेत धावायलाच नकोत.

‘शर्यतीच्या पेसमध्ये दीड मिनिट मिळवा’ हा सरसकट हिशोब इथेच फसतो. वेगवान मुलाला ५:१० मिळतात, ते ठीक. हळू मुलाला ६:३० मिळतात, आणि त्याचा रोजचा इझी रन निम्मी शर्यत होऊन बसतो. त्याहून मोठी चूक म्हणजे झालेल्या वेळेऐवजी हव्या असलेल्या वेळेवरून गणित मांडणं.

पायवाट:
गुणाकाराचं पटलं. पण ती ३००० ची वेळ सपाट ट्रॅकवर, थंड हवेत घेतलेली. तोच आकडा उन्हात नि चढावर कसा लावणार?

लॅपमोजणी:
लावत नाही. आकडा ही वरची मर्यादा. त्याहून हळू गेलं तर बोलायचं नाही, जोरात गेलं तर थांबवायचं.

नाडीपरीक्षा:
मग हार्टरेटवर का नाही? २२० वजा वय, त्याचे ७० टक्के, विषय संपला.

लॅपमोजणी:
ते सूत्र मोठ्यांच्या सरासरीचं. त्यांच्यातही एकेकट्या माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, आणि मुलांचा कमाल हार्टरेट वयाप्रमाणे असा सरळ उतरत नाही. शिवाय मनगटावरचा सेन्सर बारीक, घामेजल्या हातावर कधीकधी पावलंच मोजू लागतो. पाढा निवांत चाललाय आणि घड्याळ मिनिटाला १७० दाखवतंय, तर तो बहुधा कॅडेन्स आहे, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं. छातीचा पट्टा असेल तर वेगळी गोष्ट.

स्पाइक्स:
तुमचा दोघांचा वाद ‘किती हळू’ एवढाच आहे. माझा आक्षेप मुळातच हळूवर आहे. आठवडाभर असं रमतगमत धावणारं मूल पाय घासत, कंबरेतून बसून धावायला शिकतं. प्रशिक्षक लिडियार्डच्या न्यूझीलंडच्या धावपटूंचं उदाहरण नेहमी पुढे येतं, आठवड्याला १०० मैल वगैरे. त्यांच्यातला, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० चं सुवर्ण जिंकलेला स्नेल २१ वर्षांचा होता, ५००० चं जिंकलेला हॅलबर्ग २७ चा. मोठी माणसं ती. आणि त्यांचे लांब रन काही फेरफटका नव्हते.

पायवाट:
लिडियार्डबद्दल मान्य, मुलांना तो माप म्हणून लावूच नये. पण पाय घासण्यावर उपाय इझी रन जोरात करणं हा नाही. रन संपल्यावर ८० मीटरचे ४ ते ६ स्ट्राइड्स (छोट्या वेगवान धावा) द्या, आठवड्यातून दोनदा. वेग १५०० च्या शर्यतीएवढा, दात-ओठ न खाता, परतताना चालत, दम पूर्ण बसल्यावरच पुढचा. आणि इझी पेसला चाल मोडतच असेल तर चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं करा. फरफटत नेण्यापेक्षा ते बरं.

स्पाइक्स:
स्ट्राइड्स असतील तर माझा अर्धा आक्षेप मिटला. उरलेला कायम: आठवड्यातले सहा दिवस धावणं कशाला? मुलांना चार पुरेत.

टाच:
उंची कोणीच मोजत नाही का? मुलींची साधारण १२ च्या, मुलांची १४ च्या आसपास झपाट्याने वाढते. दर महिन्याला भिंतीवर खूण करा. महिन्याला पाऊण सेंमीच्या आसपास वाढ दिसू लागली, की लॅपमोजणींचा जुना आकडा काही महिने बाद. पाय लांबलेले, ताल बिघडलेला. तोच पेस जड जातो आणि प्रशिक्षकाला वाटतं, पोर आळशी झालं.

याच काळात गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखतो (ऑसगूड-श्लॅटर), किंवा टाचेची मागची बाजू (सेव्हर्स). स्नायूबंध हाडाच्या अजून कोवळ्या भागाला ओढत राहतो म्हणून. इथे पेस उतरवून भागत नाही. अंतर कमी करा, चढ आणि उड्या बंद. लंगडत असेल तर धावणंच बंद, आणि डॉक्टरांना दाखवा.

लॅपमोजणी:
वाढीच्या काळात आकडा बाजूला, कबूल. एरवी तो प्रशिक्षकाच्या खिशात राहू दे, मुलाला सांगू नका.

पायवाट:
लॅपला घड्याळ दाबताना तुमचा चेहरा बघतात हो ती!

लॅपमोजणी:
मग अशी परीक्षा घ्या. मुलाच्या हातात घड्याळ नाही, वीस मिनिटं इझी, प्रत्येक लॅपला त्याने वेळ ओळखून सांगायची. अंदाज सलग तीन दिवस पाच सेकंदांच्या आत आला, की त्या मुलापुरता मी आकडा सोडला.

पायवाट:
चालेल. पण अंदाज चुकला तर खरी वेळ लगेच सांगू नका, नाहीतर पुढची लॅप तो ती ‘सुधारायला’ धावेल.